गाडीचा आवाज जड करायचाय? सायलेन्सरचा डबा बदलण्याआधी हे वाचा

जळगावात अजिंठा चौफुलीच्या बाजूला एका मिस्तरींकडे मी पहिल्यांदा माझी चारचाकी नेली, तेव्हा त्यांनी ती चालू ठेवायला सांगितली. मागे जाऊन पाइपच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर तळहात धरला, दोन मिनिटं नुसतं ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, तुले आवाज जड पाहिजे का फाटेल पाहिजे?"

मला तेव्हा जड आणि फाटक्या आवाजातला फरक कळत नव्हता. त्यांचं ऐकून घेण्याऐवजी मी दुसऱ्या एका दुकानातून आठ इंची बुलेट सायलेन्सर, म्हणजे गोळीसारखा आखूड डबा, आणला आणि मूळ डबा कापून तो लावून घेतला. गल्लीत दोन दिवस छान वाटलं. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन धुळ्याला निघालो. ऐंशीच्या वेगाला गाडीत असा घुमारा धरला की एरंडोलच्या पुढे आईने दोन्ही हातांनी कानशिलं दाबून धरली. पारोळ्याला गाडी थांबवली, आईला चहा पाजला आणि उरलेला रस्ता साठच्या वेगाने कापला. परतल्यावर पुन्हा त्याच मिस्तरींकडे गेलो. हा लेख त्या दुसऱ्या फेरीत शिकलेल्या गोष्टींचा आहे. कमी पैशात आवाज सुधारता येतो, पण सुधारणं म्हणजे वाढवणं नव्हे. रस्त्यावरच्या माणसाला त्रास नको, आतल्याला मात्र इंजिनचा खालचा, भरलेला सूर ऐकू यावा, एवढंच काम आपल्याला करायचं आहे.

डब्यात असतं तरी काय

आपण सगळ्याला मिळून सायलेन्सर म्हणतो, पण गाडीखाली इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत एक साखळी असते. इंजिनला लागून मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलेंडरचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्या, त्याला चिकटून किंवा थोडं पुढे धुरातला विषारी भाग कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन सेन्सर, मग लांब पाइप, मध्ये एक लहान डबा म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मागचा मोठा डबा. या लेखात आपण फक्त त्या शेवटच्या डब्याला हात लावणार आहोत. कन्व्हर्टरला कोणीही कितीही आग्रह केला तरी हात लावू देऊ नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. काही गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला जातात ते त्यासाठीच. "हे काढलं की आवाज खुलतो, हे आम्ही ठेवून घेतो" असं कोणी म्हणालं तर गाडी चालू करा आणि निघा. कन्व्हर्टर काढलेली गाडी धूर सोडते, पीयूसीत अडकते, इंजिनचा दिवा लागतो आणि ते कायद्याविरुद्धही आहे.

माझा मूळ डबा मिस्तरींनी माझ्यासमोर ग्राइंडरने उभा कापून दाखवला. आत पत्र्याच्या आडव्या भिंती घालून केलेल्या तीन खोल्या होत्या आणि भोकं पाडलेल्या नळ्या एका खोलीतून दुसरीत गेलेल्या होत्या. वायू एका खोलीत येतो, उलटा फिरतो, दुसरीत जातो, पुन्हा वळतो, आणि त्या फेऱ्यांत आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. तळाला मूठभर लाल गंजाचं पीठ आणि त्यात ओल होती. ती ओल कुठून येते, तर पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात मागे जातं. गाडी लांब पळाली तर ते उडून जातं. घर ते दुकान, दुकान ते शाळा अशीच फिरत राहिली तर ते डब्यात साचतं आणि डबा आतून सडतो. म्हणून काही खर्च करण्याआधी तुमचा जुना डबा फुटलेला तर नाही ना, हे बघा. फाटका, फडफडणारा आवाज येत असेल तर बऱ्याचदा डब्याला भोक असतं किंवा जोडाचं पॅकिंग गेलेलं असतं, आणि तेवढं दुरुस्त केल्यावर हौसही फिटते.

बाजारात मिळणारा दुसरा प्रकार म्हणजे सरळ नळीचा डबा. एका तोंडातून बघितलं तर दुसऱ्या तोंडातून उजेड दिसतो. मधली नळी बारीक भोकांची असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर ठासलेली असते. वायू सरळ जातो आणि आवाजाचा तीक्ष्ण, वरचा भाग त्या लोकरीत मुरतो. खालचा, जड भाग बऱ्यापैकी बाहेर येतो. आपल्याला हवा आहे तो हाच प्रकार. अट एकच, डबा लांब असावा. चौदा ते अठरा इंची डबा गुरगुरतो, आठ इंची बुलेट ओरडतो. माझी पहिली चूक तीच होती.

अपेक्षाही नीट ठेवा. चार सिलेंडरच्या इंजिनमध्ये 2400 आरपीएमला दर सेकंदाला 80 स्फोट होतात, तीन सिलेंडरच्यात 60. तेच आपल्या कानाला सूर म्हणून ऐकू येतात. जुन्या 1.2 लिटरच्या स्विफ्टला चार सिलेंडर आहेत, टियागोला तीन, आणि 2024 मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टलाही तीनच. तीन सिलेंडरचा आवाज थोडा खडबडीत राहतो, कोणताही डबा लावला तरी तो चारचा होत नाही. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच बराचसा आवाज गिळतो. डिझेलवाल्यांनी या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे. त्या गाडीत जे ऐकू येतं ते बव्हंशी इंजिनचं खडखडणं असतं, डबा बदलून हाती काही लागत नाही. आणि पॉवर किंवा ॲव्हरेज वाढेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नुसता मागचा डबा बदलून लहान इंजिनमध्ये जाणवण्यासारखं काही वाढत नाही.

कायदा

हा भाग वगळू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 120 सांगतो की प्रत्येक मोटार वाहनाला, ट्रॅक्टरलासुद्धा, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्या कंपनीतून बाहेर पडताना 74 डेसिबलच्या मर्यादेत बसाव्या लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे आवाज किंवा धुराच्या मानकांचा भंग झाला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. जप्त केलेल्या बाइकच्या सायलेन्सरवर पोलिस रोडरोलर फिरवतात ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. एमएच 19 (जळगाव) असो, 18 (धुळे) असो की 39 (नंदुरबार), गाडी चारचाकी आहे म्हणून कोणी सोडत नाही.

त्यातून निघणारा माझा नियम सोपा आहे: बदलानंतर आवाजाची पातळी मूळच्याच आसपास राहिली पाहिजे, फक्त पोत बदलला पाहिजे. तेवढं जमलं नाही तर जुना डबा परत लावायचा. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र धरतात. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. ज्या गल्लीत उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात तिथे पहाटे गाडी काढताना हे लक्षात ठेवायला कायद्याचं पुस्तक लागू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर थांबा, ती संपू द्या. विमा कंपनीला बदल कळवा. पीयूसीचं यंत्र वायू मोजतं, आवाज मोजत नाही. त्यामुळे पीयूसी निघाली म्हणजे आवाजही कायद्यात बसला असं समजू नका.

माप आणि खरेदी

आधी गाडी रॅम्पवर घ्या. वॉशिंग सेंटरवाला ओळखीचा असेल तर दुपारच्या सामसुमीला रॅम्प मिळतो. थंड गाडीखाली जाऊन मागच्या डब्यात शिरणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. माझा 42 मिलिमीटर निघाला. लहान पेट्रोल गाड्यांत साधारण दीड ते पावणेदोन इंचाच्या आसपास असतो. नव्या डब्याची आतली नळी तेवढीच किंवा एखादा सूत (इंचाचा आठवा भाग) मोठी घ्या. "दोन-अडीच इंची घे, मोकळा श्वास घेईल" असं दुकानदार म्हणेल. ऐकू नका. लहान इंजिनला मोठी नळी दिली की वायूचा वेग मंदावतो, खालच्या गिअरला गाडी बोथट होते आणि आवाज रिकाम्या डब्यासारखा पोकळ येतो. पावणेदोन इंची नळी माझ्या पाइपवर सरकून बसली, तीच घेतली.

डबा किती जागेत बसणार ते मोजताना चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा धरा, विशेषतः बंपरच्या प्लास्टिककडे. खालची उंचीही बघा. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक आहेत आणि त्यांची उंची नियमाप्रमाणे असतेच असं नाही. घरची चार माणसं आणि डिकीत केळीचे दोन घड ठेवल्यावर गाडी जितकी बसते, ती उंची खरी. मूळ डब्यापेक्षा नवा खाली लोंबायला नको.

दुकानात डबा हातात घ्या, हलवा. आत खुळखुळलं तर परत ठेवा. आतल्या नळीला गोल भोकं आहेत की आत वळलेले पत्र्याचे कान, ते बघा. गोल भोकांचा घ्या, कानवाला शिट्टीसारखा आवाज काढू शकतो. साधा लोखंडी डबा स्वस्त पण दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो, स्टीलचा महाग पण टिकतो. मला स्टीलचा सोळा इंची डबा 2200 रुपयांना पडला, फ्लँज (दोन पाइप बोल्टने जोडायच्या चकत्या), पाइपचा तुकडा आणि डबा टांगायचे नवे रबर मिळून 500, वेल्डिंग आणि मजुरी 700. सगळे 3400.

याहून स्वस्त मार्गही आहे, आणि खरं सांगायचं तर नवख्याला मी तोच आधी सुचवतो. तुमच्याच मॉडेलच्या मोठ्या इंजिनच्या किंवा वरच्या व्हर्जनच्या गाडीचा कंपनीचा डबा भंगार बाजारात शोधा. टांगण्याच्या जागा जुळण्याची शक्यता जास्त, आवाज किंचित मोकळा, आणि माल कंपनीने तपासलेला. फक्त पावती घ्या, चोरीचा माल गळ्यात पडू नये.

काम कोणाकडे, कसं

पाइपचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो. साध्या आर्क वेल्डिंगच्या जाड रॉडने तो जळून भोकं पडतात, मग ती बुजवण्यासाठी मसाल्याचे ढीग साचतात. ट्रॉलीचे साटे आणि गेट बनवणारा फॅब्रिकेशनवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे सीओटू वेल्डिंग आहे का ते विचारा. स्टीलचा डबा असेल तर आर्गॉन उत्तम. आणखी एक बघा: पाइपचा तुकडा म्हणून तो नळाचा जीआय पाइप कापत असेल तर नको म्हणा. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो आणि त्या पांढऱ्या धुराने वेल्डिंग करणाऱ्यालाच रात्री ताप भरतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी फ्लँजच्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. घाईने पाना लावला की बोल्ट तुटतो आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. इंजिन पूर्ण थंड हवं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे दुपारी बंद गाडीचा पत्रासुद्धा चटका देतो, म्हणून काम सकाळी सातला धरा. रॅम्प नसेल तर सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड नव्हे तर लाकडी ठोकळे, आणि गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. जॅकचं सील एका क्षणात जातं.

मग दहाच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला करा. वेल्डिंगचा करंट गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये शिरू नये म्हणून. डबा टांगलेल्या रबरांना साबणाचं पाणी लावून त्यांतले लोखंडी आकडे बाहेर ओढा, एक माणूस डबा धरायला ठेवा.

काही गाड्यांत मागचा डबा बोल्टवर असतो, काहींत मधल्या डब्यापर्यंत सगळं एकसंध येतं. एकसंध असेल तर कापावं लागतं, आणि इथे घाई केली तर परतीचा रस्ता बंद होतो. डब्याच्या अगदी तोंडाशी कापू नका. सरळ भागात, डब्यापासून तीन-चार इंच आधी कापा. तिथे दोन फ्लँज बसवून घ्या, एक गाडीकडच्या पाइपला, एक नव्या डब्याला, आणि तशीच तिसरी जुन्या डब्याच्या उरलेल्या तुकड्याला. त्या तिसऱ्या फ्लँजला शंभर-दीडशे रुपये जास्त लागतात. माझ्या पहिल्या वेळी ती केली नव्हती, म्हणून मूळ डबा पुन्हा लावता आला नाही, आणि शेवटी तो कापून आतून बघण्याच्याच कामी आला. त्या डब्याची किंमत नव्याच्या दुपटीहून जास्त होती. आज माझ्याकडे भंगारातून आणलेला त्याच मॉडेलचा डबा आहे, फ्लँजसकट.

वेल्डिंग शक्यतो डबा खाली काढूनच करायचं. मिस्तरी आधी डबा जागेवर टांगून दोन-तीन टाके मारतील, मग गाडीच्या बाहेर आणून पूर्ण जोड फिरवतील. ते टाके मारतानाही पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली, म्हणजे हातभर अंतरावर असते. ओलं गोणपाट मध्ये धरायला सांगा आणि वेल्डिंगची अर्थिंग जोडाजवळच, पाइपलाच लावायला सांगा. डिकीत सीएनजीचं सिलेंडर असेल तर गाडीवर एक टाकासुद्धा मारू देऊ नका. माप खुणेने घ्या, सगळं वेल्डिंग दूर बाकावर, आणि गाडीवर फक्त पाना चालेल.

टाके मारल्यावर माझ्या मिस्तरींनी एक गोष्ट केली ती मी विसरलो नाही. डबा रबरांवर लटकलेला असताना त्यांनी तो तळहाताने हलकेच पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे ढकलला आणि कुठे पत्र्याला टेकतो का ते कान लावून ऐकलं. उजवीकडे बारीकसा 'टक्' आला. त्यांनी टाका तोडला, अर्धा सूत फिरवला, पुन्हा मारला. गरम झाल्यावर पाइप लांबतो आणि इंजिन रबरांवर हलतं, तेव्हा आज टेकणारी जागा उद्या रस्ताभर ठोकत राहते.

डब्यावर बाण असेल तर तो मागच्या दिशेला. तळाच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निघायला तीन मिलिमीटरचं भोक आहे का बघा. नसेल तर मिस्तरींना विचारून पाडून घ्या, आतली लोकर नळीबाहेर येणार नाही अशा जागी. शेपटीचा पाइप बंपरच्या थोडा बाहेर निघालाच पाहिजे. तो आत राहिला तर वायू गाडीखाली घुटमळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात उभ्या गाडीत एसी लावून मुलांना बसवून ठेवायची सवय आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच नेतो. जोड गळतोय असा जरा जरी संशय असेल तर मुलांना त्या गाडीत बसवू नका.

पहिली सुरुवात

गाडी चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं धूर आणि जळका वास येतो, तो तेलाचा आणि लोकरीतल्या चिकट पदार्थाचा असतो. त्यानंतर जाड कापडाची घडी पाइपच्या तोंडावर क्षणभर दाबा. जोड घट्ट असेल तर दाब हाताला जाणवतो. कुठून 'फुस्स' ऐकू आलं तर तिथे गळती आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि गाडी जास्त पेट्रोल पिते. आपण शेवटच्या डब्यालाच हात लावलाय, तेव्हा तिथे सहसा काही बिघडत नाही. तरी ओढाताणीत पुढचं पॅकिंग हललं नाही ना, हे बघून घ्या.

आवाज मोजायला फोनवरचं डेसिबलचं ॲप पुरतं, पण मोजणी बदलाआधीही केलेली हवी. फोन पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर, 45 अंशाच्या कोनात, दोन्ही वेळी तीच जागा, तेच 2500 आरपीएम. फोनचा आकडा अचूक नसतो, फरक मात्र बरोबर सांगतो. तीन डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, दहा म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट मोठा. माझ्याकडे बुलेटने बारा वाढवले होते. सोळा इंचीने दोन वाढवले. दोनच्या वर गेलो असतो तर मी तो काढला असता.

खरी परीक्षा हायवेला. धुळे रोडला टॉप गिअरमध्ये ऐंशी ते शंभर, खिडक्या बंद, रेडिओ बंद. मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा, कारण घुमारा तिथेच जास्त धरतो. मी आईलाच घेऊन गेलो. घुमत असेल तर आधी मधला रेझोनेटर जागेवर आहे का बघा, काही जण तो न सांगताच काढून टाकतात. तरी घुमत असेल तर डबा आणखी लांब हवा. कन्नड घाटात चढताना आवाज गोड लागतो म्हणून फसू नका, ओढीवर सगळेच डबे गातात.

दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर गाडी थंड असताना फ्लँजचे बोल्ट एकदा आवळा, तापून-निवून पॅकिंग बसतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आवाज थोडा खुलतो, ते चालतं. वर्षा-दोन वर्षांनी तो अचानक कोरडा, पत्र्यासारखा वाटायला लागला तर लोकर जळाली समजा. डबा उघडण्यासारखा असेल तर हातमोजे घालून नवी भरता येते, ती लोकर कातडीत शिरली की दोन दिवस खाज जात नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग पळवा, आतलं पाणी उडून जाऊ द्या.

आणि जुना डबा: आतलं पाणी उलटा करून काढा, दिवसभर उन्हात ठेवा, फ्लँजच्या तोंडाला ग्रीस लावा, दोन्ही तोंडांना प्लास्टिकची पिशवी बांधा. त्याचे बोल्ट आणि रबर एका लहान पिशवीत घालून तारेने त्यालाच अडकवा आणि माळ्यावर टाका. पंधरा वर्षांनी फिटनेसला किंवा गाडी विकताना तोच लागतो.